एका मतानं सरकार पडलं, दोन मतांनी खासदार निवडून आला

२८ मार्च १९७९. लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये रात्री दहाला अविश्वास ठरावावर मतदान व्हायचं होतं, आणि नेमके त्याच दिवशी संसदेच्या उपाहारगृहातले कर्मचारी संपावर गेले होते. जेवणाची सोय ज्याची त्यानं बघायची. सहाशेहून अधिक खासदार इमारतीत, आणि दोन्ही बाजूंचे प्रतोद याद्या घेऊन डोकी मोजताहेत. मोजणी संपली तेव्हा ठरावाच्या बाजूनं ३११ आणि विरोधात ३१० मतं होती. जेम्स कॅलहन यांचं मजूर पक्षाचं सरकार एका मतानं गेलं. अविश्वासाच्या मतदानात ब्रिटनमधलं सरकार कोसळण्याची १९२४ नंतरची ही पहिलीच वेळ. लगेच झालेल्या निवडणुकीत हुजूर पक्षाच्या मार्गारेट थॅचर निवडून आल्या आणि अकरा वर्षं हलल्या नाहीत.

एका मतानं सरकार पडणं म्हटलं की आपल्याला १७ एप्रिल १९९९ आठवतो : वाजपेयी सरकार, २६९ विरुद्ध २७०. लंडनचा किस्सा त्याच्या वीस वर्षं आधीचा. ब्रिटनच्या राजकारणाची विसाव्या शतकातली शेवटची पंचवीस-तीस वर्षं समजून घ्यायची असतील, तर विचारसरणीवरच्या जाडजूड पुस्तकांआधी ही बेरीज-वजाबाकी बघावी, असं माझं ठाम मत आहे. माणसं कशी होती ते त्या आकड्यांत लख्ख दिसतं.

कोण आलं, कोण नाही

त्या रात्री सर आल्फ्रेड ब्रॉटन आले नाहीत. मजूर पक्षाचे हे खासदार पेशानं डॉक्टर, आणि तेव्हा स्वतःच अंथरुणाला खिळलेले. आजारी खासदाराला रुग्णवाहिकेतून संसदेच्या आवारापर्यंत आणलं तरी त्याचं मत धरलं जातं, अशी तिथली जुनी रीत. ब्रॉटन यायला तयारही होते, पण प्रवासात काही बरंवाईट होईल असं डॉक्टरांनी बजावलं आणि कॅलहन यांनी त्यांना आणू दिलं नाही. पाचच दिवसांनी ब्रॉटन गेले. सरकार वाचवण्यासाठी मरणासन्न माणसाला ओढून आणायचं नाही, हा कॅलहन यांचा निर्णय मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा वाटतो.

फ्रँक मग्वायर मात्र आले. उत्तर आयर्लंडमधले हे अपक्ष खासदार आपल्या गावात पब चालवायचे आणि लंडनकडे क्वचितच फिरकायचे. ते आल्याचं पाहून मजूर पक्षाच्या जिवात जीव आला. पण मग्वायर यांनी मतच दिलं नाही. आपण जातीनं तटस्थ राहायला आलो आहोत, असं त्यांचं म्हणणं.

स्कॉटिश नॅशनल पक्षाचे ११ खासदार स्वायत्ततेच्या प्रश्नावर सरकारवर चिडले होते, ते विरोधात गेले. टर्की पक्ष्यांनी नाताळ लवकर यावा म्हणून मतदान करावं तसं हे आहे, असं कॅलहन त्यांना सभागृहातच म्हणाले. मेच्या निवडणुकीत त्या ११ पैकी दोघंच परत आले.

वेल्सच्या प्लाइड कमरी पक्षाच्या तिघांनी वेगळा हिशेब मांडला. पाटीच्या दगडाच्या खाणींत धूळ खाऊन छातीचे आजार जडलेल्या कामगारांना भरपाई द्या, मग आमची मतं तुमची. सरकार पडलं ते पडलंच, पण भरपाईचा कायदा संसद विसर्जित होण्याआधी मंजूर झाला. त्या रात्रीच्या सगळ्या देवाणघेवाणीत गरिबांच्या हातात काही पडलं असेल तर ते एवढंच.

अंगुस्तान खिशात ठेवणारा प्रतोद

आणि आता या रात्रीचा खरा नायक. विरोधी हुजूर पक्षाचे उपमुख्य प्रतोद बर्नार्ड वेदरिल आणि मजूर पक्षाचे उपमुख्य प्रतोद वॉल्टर हॅरिसन यांच्यात एक तोंडी करार होता. एका बाजूचा खासदार आजारी पडला, तर दुसऱ्या बाजूनंही आपला एक माणूस मतदानापासून दूर ठेवायचा, म्हणजे आजारपणाचा फायदा कुणालाच नको. याला तिथं ‘पेअरिंग’ म्हणतात. ब्रॉटन येत नाहीत हे कळल्यावर हॅरिसन वेदरिल यांच्याकडे गेले आणि दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली.

वेदरिल म्हणाले, अविश्वास ठरावाला हा करार कधीच लागू नव्हता आणि आज घरी बस असं मी आमच्या एकाही खासदाराला सांगू शकत नाही. पण शब्द मी दिला होता. तेव्हा मीच मत देत नाही.

वेदरिल बाजूला झाले असते तर ३१०-३१० अशी बरोबरी झाली असती, आणि परंपरेनुसार सभापतींनी आपलं मत ठरावाच्या विरोधात टाकलं असतं. म्हणजे सरकार वाचलं असतं आणि वेदरिल यांची कारकीर्द स्वपक्षीयांच्या रोषात जागच्या जागी संपली असती. हॅरिसन यांना हे पुरतं कळत होतं. त्यांनी वेदरिल यांना शब्दातून मोकळं केलं. आपल्या सरकारचा जीव जाताना दिसत असूनही त्यांनी समोरच्या माणसाचा बळी घेतला नाही.

वेदरिल हे शिंपी घराण्यातले. खिशात नेहमी अंगुस्तान बाळगायचे, आपण कुठून आलो ते विसरू नये म्हणून. दुसऱ्या महायुद्धात ते हिंदुस्थानी लष्करात अधिकारी होते आणि बंगालचा दुष्काळ डोळ्यांनी पाहिल्यावर कायमचे शाकाहारी झाले. १९८३ मध्ये ते कॉमन्सचे सभापती झाले. १९८९ साली सभागृहात टीव्हीचे कॅमेरे आले तेव्हा डोक्यावर पांढरा टोप घालून आसनावर बसलेले दिसले ते हेच.

थोडं मागे : राजदंड हातात

पेअरिंगचा शब्द मोडला की काय होतं, याचा नमुना तीन वर्षं आधी दिसला होता. २७ मे १९७६ ला विमान आणि जहाजबांधणी उद्योगांच्या राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकावर सरकार ३०४ विरुद्ध ३०३ असं जिंकलं. जोडीदारासाठी बाहेर राहायला हवा होता तो मजूर पक्षाचा माणूस मत देऊन गेला, असा हुजूर पक्षाचा आरोप. त्यात विजयी बाकांवरून लाल बावट्याचं गाणं सुरू झालं. हुजूर पक्षाच्या मायकेल हेझल्टाइन यांचा तोल गेला. त्यांनी टेबलावरचा राजदंड उचलला आणि समोरच्या बाकांच्या दिशेनं उगारला. दुसऱ्या दिवशी माफी मागितली. पण ‘टार्झन’ हे टोपणनाव जन्मभर चिकटलं.

गाणं गाऊन बुडालेले पंतप्रधान

सप्टेंबर १९७८. निवडणूक आता जाहीर होणार, अशी सगळ्यांची खात्री. कामगार संघटनांच्या महासभेत कॅलहन भाषणाला उभे राहिले आणि चर्चमध्ये नवऱ्या मुलाची वाट बघत ताटकळलेल्या नवरीचं एक जुनं विनोदी गाणं म्हणू लागले. हे मारी लॉइडचं गाणं, असंही त्यांनी सांगितलं. प्रत्यक्षात ते गाजवलं होतं व्हेस्टा व्हिक्टोरियानं. श्रोत्यांना अर्थ लागेना : आता निवडणूक आहे की नाही? दोन दिवसांनी टीव्हीवर खुलासा झाला, नाही. मग आला संपांचा तो कुप्रसिद्ध हिवाळा, रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले, आणि शरद ऋतूत कदाचित जिंकता आली असती ती निवडणूक मेमध्ये हातची गेली.

त्याच वर्षीचं हुजूर पक्षाचं गाजलेलं पोस्टर म्हणजे बेकारांची लांबच लांब रांग. जाहिरात साची अँड साची कंपनीची. रांगेतले लोक बेकार नव्हते. ते हेंडन भागातले हुजूर पक्षाचे तरुण कार्यकर्ते होते. बोलावले त्याच्यापेक्षा कितीतरी कमी आले, जेमतेम वीसेक. मग त्यांनाच पुन्हा पुन्हा उभं करून फोटो काढले आणि ते जोडून रांग लांबवली. मजूर पक्षाच्या नेत्यांनी पोस्टरविरुद्ध एवढा गदारोळ केला की मोजक्या ठिकाणी लावलेलं ते पोस्टर सगळ्या देशानं वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर फुकट पाहिलं.

पाऊण टक्का आणि थोडं

१९८१ साली मजूर पक्षाच्या उपनेतेपदासाठी डेनिस हीली आणि टोनी बेन यांच्यात जुंपली. हीली ५०.४२६ टक्के, बेन ४९.५७४ टक्के. एक टक्काही फरक नाही. त्या वर्षी मजूर पक्ष आतून उभा चिरला होता. रॉय जेंकिन्स, डेव्हिड ओवेन, बिल रॉजर्स आणि शर्ली विल्यम्स हे चार बडे नेते बाहेर पडले आणि त्यांनी सोशल डेमोक्रॅटिक पक्ष काढला.

नव्या पक्षाच्या पोटनिवडणुका म्हणजे खजिना आहे. क्रॉस्बीमध्ये शर्ली विल्यम्स जिंकल्या. तिथं माँटी पायथनच्या विनोदी कार्यक्रमातलं एक लांबलचक, श्वास संपेल असं नाव कायदेशीररीत्या धारण करून एक विद्यार्थी उभा राहिला होता. त्याला २२३ मतं पडली. १९८२ मध्ये ग्लासगोच्या हिलहेडमध्ये तर रॉय जेंकिन्स यांच्याविरुद्ध दुसरे रॉय जेंकिन्स! एका उमेदवारानं मुद्दाम नाव बदलून घेतलं होतं. एकाच नावाचे उमेदवार पाहिलेल्या रायगडच्या मतदारांना हा डाव समजावून सांगायला नको. खरे जेंकिन्स निवडून आले, नकलेला २८२ मतं मिळाली.

चीड आणणारी बेरीज

हसू येईल असे किस्से पुष्कळ आहेत, पण १९८३ च्या निवडणुकीचे आकडे बघून मला आजही राग येतो. सोशल डेमोक्रॅट आणि लिबरल यांच्या आघाडीला सुमारे ७८ लाख मतं मिळाली, म्हणजे २५.४ टक्के. मजूर पक्षाला सुमारे ८४ लाख, २७.६ टक्के. फरक दोन टक्क्यांच्या आसपास. जागा? मजूर पक्षाला २०९, आघाडीला २३. हुजूर पक्षाला एका जागेमागे साधारण ३३ हजार मतं लागली, आघाडीला ३ लाख ३८ हजार. मतदारसंघात पहिला येईल तोच जिंकणार आणि दुसऱ्याच्या पदरात काहीच नाही, या पद्धतीत सगळीकडे दुसरं येणाऱ्या पक्षाचे हाल कुत्रा खात नाही. हीच पद्धत आपण भारतात घेतली आहे, म्हणून हे आकडे आपण जास्त नीट बघायला हवेत.

हीच पद्धत १९७४ मध्ये उलटीही फिरली होती. फेब्रुवारीच्या निवडणुकीत एडवर्ड हीथ यांच्या हुजूर पक्षाला मतं जास्त, ३७.९ टक्के, पण जागा २९७. मजूर पक्षाला मतं ३७.२ टक्के आणि जागा ३०१. शुक्रवार ते सोमवार हीथ लिबरलांशी बोलणी करत पंतप्रधान निवासात तग धरून राहिले आणि अखेर बाहेर पडले.

लांब टोपीवाला उमेदवार

डोक्यावर उंच टोपी, अंगात बिबट्याच्या कातडीसारख्या छापाचा कोट, हातात भोंगा. हा स्क्रीमिंग लॉर्ड सच. रॉक गायक आणि मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पक्षाचा संस्थापक. चाळीसच्या आसपास निवडणुका लढला, जिंकला एकही नाही. पण त्याच्या मागण्यांची यादी बघा. १९६३ मध्ये तो पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा अठराव्या वर्षी मताधिकार मागत होता, तो १९६९ मध्ये कायद्यात आला. खासगी रेडिओ मागत होता, तो १९७३ मध्ये सुरू झाला. पब दिवसभर उघडे ठेवा म्हणत होता, १९८८ मध्ये तेही झालं. शहाण्या पक्षांतल्या कित्येक मंत्र्यांना एवढं जमलेलं नाही.

त्याचा सगळ्यात मोठा पराक्रम मे १९९० मधला, बूटलच्या पोटनिवडणुकीतला. लिबरलांत विलीन व्हायला नकार देऊन डेव्हिड ओवेन यांनी आपला सोशल डेमोक्रॅटिक पक्ष वेगळा चालू ठेवला होता. त्या पक्षाच्या उमेदवाराला १५५ मतं पडली आणि सचला ४१८. थोड्याच दिवसांत ओवेन यांनी पक्ष गुंडाळला. नऊ वर्षांपूर्वी ब्रिटिश राजकारणाचा साचा मोडायला निघालेला पक्ष असा संपला.

चार मतं

नोव्हेंबर १९९०. थॅचरबाईंचे सर्वांत जुने सहकारी जेफ्री हाऊ यांनी राजीनामा देऊन सभागृहात भाषण केलं. मवाळ बोलण्यासाठी प्रसिद्ध असलेला हा माणूस. हाऊंची टीका म्हणजे मेलेल्या मेंढीनं हल्ला करावा तशी, असं हीली एकदा म्हणाले होते. त्या दिवशी या मेंढीनं लचका तोडला. सलामीचे फलंदाज खेळपट्टीवर पोचतात आणि पाहतात तर कर्णधारानंच सामन्याआधी त्यांच्या बॅटी मोडून ठेवलेल्या, असा क्रिकेटचा दाखला हाऊंनी दिला.

आठवड्याभरात नेतेपदाची निवडणूक झाली. थॅचरबाई २०४, राजदंडवाले हेझल्टाइन १५२. आघाडी ५२ ची, पण पक्षाच्या नियमाप्रमाणे पहिल्याच फेरीत जिंकायला ५६ ची हवी होती. दोन खासदारांनी बाजू बदलली असती तर त्या तिथंच जिंकल्या असत्या. त्या तेव्हा पॅरिसमध्ये होत्या. परत आल्या आणि मतदानानंतर दोन दिवसांनी राजीनामा जाहीर केला. पुढच्या फेरीत जॉन मेजर यांनाही लागणाऱ्या बहुमतापेक्षा दोनच मतं कमी पडली, पण उरलेल्या दोघांनी माघार घेतली आणि ते पंतप्रधान झाले.

त्याच्या महिनाभर आधी थॅचरबाईंनी आणखी एक गंमत केली होती. त्या विलीनीकरणातून झालेल्या नव्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचं चिन्ह होतं उडता पक्षी. पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी माँटी पायथनच्या ‘मेलेल्या पोपटा’च्या नाट्यप्रवेशाची वाक्यं या पक्ष्यावर चिकटवून सभागृह हसवलं. काही दिवसांतच ईस्टबर्नची पोटनिवडणूक झाली आणि हुजूर पक्षाची ती हक्काची जागा त्या ‘मेलेल्या’ पक्षानं काढून घेतली.

गोवा, मुंबई आणि वेस्टमिन्स्टर

जून १९८७ मध्ये लेस्टर ईस्टमधून मजूर पक्षाचे कीथ वाझ निवडून आले. जन्म एडनचा, घराणं गोव्याचं. १९२९ मध्ये शापुरजी सकलातवाला हरल्यानंतर तब्बल ५८ वर्षं कॉमन्समध्ये भारतीय वंशाचा एकही खासदार नव्हता, ती खंड पडलेली ओळ वाझ यांनी जोडली. त्याआधीचे तिघंही मुंबईशी नातं असलेले पारशी, आणि तिघांचे पक्ष तीन : दादाभाई नौरोजी लिबरल, मंचेरजी भावनगरी हुजूर पक्षाचे, सकलातवाला कम्युनिस्ट. दादाभाईंचा १८९२ मधला विजयही हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच मतांचा होता.

भारताचा आणखी एक धागा १९९२ चा. महर्षी महेश योगींच्या अनुयायांच्या नॅचरल लॉ पक्षानं तीनशेहून अधिक उमेदवार उभे केले. देशाचे प्रश्न ध्यानधारणेनं आणि योगिक उड्डाणानं सुटतील, हा जाहीरनामा. त्यांच्यासाठी बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं मतदानाच्या तीन दिवस आधी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मैफल केली. मैफल गाजली, अनामत रकमा मात्र एकूण एक जप्त झाल्या.

मोजताना चूक

२२ जुलै १९९३. युरोपच्या मास्ट्रिख्ट करारावर मेजर सरकार अडचणीत. एका दुरुस्तीवर ३१७-३१७ अशी बरोबरी झाली. पूर्वी व्यावसायिक नर्तिका असलेल्या सभापती बेटी बूथरॉइड यांनी परंपरेप्रमाणे दुरुस्तीच्या विरोधात, म्हणजे सरकारच्या बाजूनं, निर्णायक मत टाकलं. नंतर कळलं की बरोबरी नव्हतीच, मोजणीत एका मताची चूक झाली होती आणि सरकार आधीच जिंकलं होतं.

१९९४ च्या युरोपीय निवडणुकीत डेव्हन भागात रिचर्ड हगेट या गृहस्थांनी ‘लिटरल डेमोक्रॅट’ म्हणून अर्ज भरला. मतपत्रिकेवर ‘लिबरल डेमोक्रॅट’ असतानाच हेही नाव. हगेट यांना १०,२०३ मतं पडली आणि खरा लिबरल डेमोक्रॅट उमेदवार ७०० मतांनी हरला. न्यायालयातही दाद मिळाली नाही, कारण ब्रिटनमध्ये तोवर पक्षांची नोंदणीच नव्हती. ज्या देशाला संसदीय लोकशाहीची जननी म्हणतात तिथं पक्षाचं नाव कुणीही वापरू शकत होतं! १९९८ मध्ये कायदा झाला, तेव्हा कुठे नावं आणि चिन्हं सुरक्षित झाली.

मे १९९७ मध्ये टोनी ब्लेअर ४१८ जागांची लाट घेऊन आले, पण माझं लक्ष विंचेस्टरकडे. तिथं लिबरल डेमोक्रॅट मार्क ओटन हुजूर पक्षाच्या जेरी मॅलोन यांच्याविरुद्ध दोन मतांनी जिंकले. फक्त दोन. ब्रिटनमध्ये तेव्हा मतपत्रिका मतदाराच्या हाती देताना कर्मचारी त्यावर अधिकृत शिक्का उमटवत. पन्नासहून अधिक मतपत्रिकांवर तो राहून गेला होता, म्हणून त्या बाद ठरल्या होत्या. मॅलोन न्यायालयात गेले, निवडणूक रद्द झाली, नोव्हेंबरमध्ये पुन्हा मतदान. हरलेला रडका माणूस पुन्हा खेळायला मागतोय, हे लोकांना मुळीच आवडलं नाही. ओटन या वेळी २१,५५६ मतांनी निवडून आले.

आणि एक शेवटची मोजणी. १९९९ मध्ये स्क्रीमिंग लॉर्ड सच वारला. लूनी पक्षानं नेतेपदासाठी रीतसर मतदान घेतलं. एका बाजूला पक्षाचे जुने कार्यकर्ते अॅलन होप, दुसऱ्या बाजूला त्यांचाच पाळलेला बोका कॅटमांडू. दोघांना समान मतं पडली. कुणी न्यायालयात गेलं नाही, फेरमोजणी मागितली नाही. दोघांनी मिळून २००२ पर्यंत पक्ष चालवला.